एकच बिल, तुरिस्मोनंतर

निबिया एचेगोयेन जितकी काळजी करते तितकी आमच्या साल्तो गावात दुसरं कुणी करत नसेल. हे मी तिची शाळेपासूनची मैत्रीण म्हणून सांगते, कौतुक म्हणून नव्हे. बसचं तिकीट काढलं की घरी पोहोचेपर्यंत ती त्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचते. कुणी फोन उचलला नाही की त्याचं काहीतरी बरंवाईट झालं असं धरूनच चालते. तिचा नवरा हयात असताना म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही दारातच विचारील, परतीची गाडी किती वाजता आहे?" तो गेल्यावर ही चेष्टा करायचं काम माझ्याकडे आलं.

बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या संघाची ती सेक्रेटरी. पद ऐकायला मोठं. प्रत्यक्षात जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि निबिया. रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार करायची, डिसेंबरात तोरणं लावून घ्यायची, अशी सटरफटर कामं. त्यातलंच एक म्हणजे सभासदांच्या वेबसाइटची नावं जिवंत ठेवणं. ही नावं कायमची विकत मिळत नाहीत, मुदतीवर मिळतात. मुदत उलटायच्या आत पैसे गेले नाहीत तर वेबसाइट बंद, आणि त्या नावावर येणारी सगळी ईमेलही बंद. चाळीसएक दुकानं, प्रत्येकाची तारीख निराळी. त्यामुळे दर आठवड्याला निबिया कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी असायची, बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते-चहा प्यायचा पोकळ भोपळा घेऊन.

तिची वसुलीची तऱ्हा पाहण्यासारखी होती. पैशाचा शब्द काढायची नाही. नुसती बसायची. भोपळ्यात पाणी ओतून पहिला घोट दुकानदाराला द्यायची, गुडघ्याची चौकशी करायची, नातवाच्या दातांची करायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो माणूसच कंटाळून म्हणायचा, "किती झाले गं?" मग ती लाजत आकडा सांगायची. वर्षानुवर्षं एकाही दुकानाचं नाव तिने मरू दिलं नव्हतं. पण ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, कारण न घडलेल्या गोष्टी कोण मोजतो?

मीही त्याच संघात. माझं नाव सुल्मा. गावाबाहेर गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे माझी आठ खोल्यांची खानावळ-कम-धर्मशाळा आहे. धर्मशाळा मी रागाने म्हणते, पाहुणे तिला हॉटेल म्हणतात. माझी सगळी आरक्षणं वेबसाइटवरून आणि ईमेलवरून येतात, आणि वर्षातली निम्मी एका आठवड्यात येतात, तुरिस्मोच्या. ईस्टरच्या आधीचा जो आठवडा इतर देशांत पवित्र म्हणून पाळतात, त्याचंच हे आमचं सरकारी नाव, म्हणजे पर्यटन. आमच्या सरकारने फार वर्षांपूर्वी देवाला कॅलेंडरातून काढून टाकलं आणि त्या जागी सहली बसवल्या. अख्खा देश त्या आठवड्यात मासे धरायला, तंबू ठोकायला, नाहीतर माझ्या दारच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायला निघतो. आणि त्याच्या आधीचे तीन-चार महिने कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "तुरिस्मोनंतर." जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, सगळे समुद्रावर असतात, फेब्रुवारीत कार्निव्हल, मग एवढं थांबलोच आहोत तर तुरिस्मो होऊन जाऊ दे. आमचं वर्ष खऱ्या अर्थाने त्यानंतरच सुरू होतं.

तर झालं असं. एका डिसेंबरात संघाची वर्षअखेरीची मेजवानी होती. निखाऱ्यावर बरगड्या भाजत होत्या, वाईन दोन-दोन पेले झाली होती, आणि आमचा अध्यक्ष हेबेर कुआद्रो हातात चिमटा घेऊन उठला. हेबेरचं खिळे-कुलपांचं दुकान आहे. आवाज मात्र लिलावातल्यासारखा.

"ऐका रे! ही निबिया आपल्याला वर्षभर छळते. आज याचं बिल, उद्या त्याचं. माझी तीन नावं, तीन तारखा! मी म्हणतो, सगळ्यांचं मिळून वर्षाचं एकच बिल. एकदाच द्यायचं, मोकळं व्हायचं."

"कधी द्यायचं?" कुणीतरी विचारलं.

"कधी म्हणजे? तुरिस्मोनंतर!"

सगळे हसले, सगळ्यांनी हात वर केले. हेबेर बसता बसता शेजारच्या एल्बियोला, म्हणजे आमच्या चष्मेवाल्याला, म्हणाला, "एकच बिल झालं की हिला वर्षभर काम तरी काय उरतं? अर्ध्या दिवसाची नोकरी पुरे." तो कुजबुजला म्हणे, पण हेबेरची कुजबूज पलीकडच्या चौकात ऐकू जाते. निबियाने ती ऐकली. तिच्या पेन्शनीला तीन वर्षं उरली होती, आणि अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर पेन्शनही अर्धीच हातात पडली असती.

परतताना ती माझ्या गाडीत म्हणाली, "हे काम नीट केलं तर माझी गरज संपली. आणि बिघडवलं तर मी बिघडवलं म्हणून काढतील. सुल्मा, मी करू काय?"

"वाईट कर, पण फार वाईट नको," मी म्हणाले.

"चेष्टा नको गं."

वाईट करणं तिच्या रक्तात नाही. पुढचं सगळं वर्ष ती त्या कामात पिळून निघाली. नावं वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेली. ती सगळी एका कंपनीच्या एका खात्यात आणायची, तर प्रत्येक नावाच्या मूळ मालकाने ईमेलवर "हो" म्हणायला हवं. आणि आमच्याकडे मूळ मालक म्हणजे दुकानदार नव्हेच. दुकानाचं नाव त्या वेळी ज्या भाच्याला कॉम्प्युटर येत होता त्याच्या नावावर. ते सगळे भाचे आता स्पेनमध्ये. कुणी तिकडे पिझ्झा पोचवतोय, कुणाचा मामाशी जमिनीवरून अबोला आहे. निबियाने एकेका भाच्याच्या आईला गाठलं, वाढदिवसाच्या निमित्ताने फोन लावले, एकाचा तर मामाशी समेट घडवून आणला. माझ्या हॉटेलचं नाव माझ्या सोडून गेलेल्या नवऱ्याच्या ईमेलवर होतं. त्याच्याशी मी बोलणार नाही म्हटल्यावर तीच बोलली. तो काय म्हणाला हे मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर तारखा. सगळ्या एका दिवशी आणायच्या म्हणजे ज्याची मुदत आधी संपते त्याने मधल्या महिन्यांचे पैसे भरायचे. झालं, प्रत्येकाला वाटलं शेजाऱ्याचा फायदा झाला. बेकरीवाली नेल्सिदा रोज विचारायची, "मीच सात महिन्यांचे जादा का भरायचे?" निबिया रोज तिला तेच समजावायची. नाकी नऊ आले तिच्या. पण अखेर सगळी नावं एका खात्यात आली, सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपेल असं ठरलं: आठ एप्रिल. त्या वर्षी तुरिस्मो मार्चअखेरीस येऊन गेला होता. त्यानंतर आठवडाभर लोकांना घरी यायला, कपडे धुवायला. मग आठ एप्रिल, सगळ्यांचे खिसे उघडे. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

पुढच्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. निबिया रविवारी माझ्याकडे आली होती. मी स्वयंपाकघरात चादरींच्या घड्या घालत होते आणि सहज बोलत होते.

"या वेळी तुरिस्मोला एक कोपरा रिकामा राहणार नाही. तेरा ते वीस, आठातल्या अर्ध्याअधिक खोल्या बोलून झाल्यात. उरलेल्यांसाठी ईमेल येताहेत."

"तेरा कुठली?" तिने विचारलं.

"तेरा एप्रिल. कुठली म्हणजे?"

तिने चादरीचं टोक सोडलं. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. आधी मला वाटलं छातीत कळ आली.

"तुरिस्मो एप्रिलच्या मध्यावर आहे?"

"ईस्टर सरकतो की गं. चंद्रावर ठरतो. कधी मार्च, कधी एप्रिल. तुला काय आज कळलं?"

"कळतं मला," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "कळतं. सगळ्यांना कळतं. पण 'तुरिस्मोनंतर' म्हटलं की ती तारीखच वाटते गं. मी गेल्या वर्षीचा धरला. सुल्मा, आठ एप्रिल तुरिस्मोच्या आधी येते. आधी. कुणी एक पैसा देणार नाही. सगळ्यांची नावं एकाच दिवशी मरतील."

तुरिस्मोच्या ऐन तोंडावर माझी ईमेल बंद म्हणजे उरलेल्या खोल्या रिकाम्या, आणि ज्यांनी आधी बोलून ठेवलंय तेही घाबरून दुसरीकडे जाणार. त्या एका आठवड्यावर माझा हिवाळा निघतो. मी स्पष्टच म्हणाले, "ते बाकीच्यांचं राहू दे. माझं एकटीचं आज भरून टाक."

तिने दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कंपनीला फोन लावला. राजधानीहून, मोन्तेविदेओहून, एक पोरसवदा आवाजाची बाई बोलत होती, फार गोड. "सेन्योरा, तुम्हीच एकत्र बिल मागितलं होतं ना? एक बिल म्हणजे एक बिल. त्यातलं एक नाव वेगळं भरता येत नाही. पुन्हा सुटं करायचं तर अर्ज करा, महिना लागेल."

"आणि तारीख पुढे ढकलायची?"

"तेही महिनाभर आधी कळवायला हवं होतं."

म्हणजे सगळे, नाहीतर कुणीच नाही. पूर्वी एखादा चुकला तर एकाचं दुकान अंधारात जायचं. आता एक अडला तर अख्खी बाजारपेठ. हे असं होईल हे ना हेबेरला सुचलं होतं ना मला.

"सभासदांना खरं सांग," मी म्हणाले. "तारीख चुकली म्हणून."

"सांगितलं की हेबेर त्याच दिवशी मला घरी बसवील. त्याला कारणच हवंय." तिने थर्मास उचलून बगलेत धरला. "मी बसते. पूर्वीसारखी. कारण नाही सांगत."

आणि ती बसली. त्या वेळी मी गाडी घेऊन तिच्याबरोबर फिरले, कारण माझाही जीव टांगणीला होता आणि घरी बसून नखं खाण्यापेक्षा ते बरं. तीच तऱ्हा: थर्मास, भोपळा, गुडघे, नातू. नेल्सिदा म्हणाली, "आता तर एकच बिल आहे ना? तुरिस्मोनंतर?" निबिया म्हणाली, "हो, हो. अशीच आले." आणि उठली नाही. नेल्सिदाने पावांचे दोन घाणे काढले, निबिया तिथेच. शेवटी नेल्सिदानेच गल्ला उघडला. एल्बियोने तर वैतागून दिले, "घे बाई, पण माझ्या गिऱ्हाइकांना बसायला खुर्ची दे." काहींनी दोनदा परत पाठवलं, एकाने दुकानाचं शटर खाली ओढलं, निबिया पायरीवर बसून राहिली. रात्री तिला झोप नव्हती, डोळे खोल गेले होते. मला रोज फोन करून विचारायची, "आजचे मी नीट मोजले ना?" मी ओरडायचे तिच्यावर. मग मलाच वाईट वाटायचं.

सात एप्रिलला एकच माणूस उरला. हेबेर. आणि तो दुकान मुलावर टाकून आधीच नदीवर मासे धरायला गेला होता.

आम्ही गेलो. नदीकाठी विलोच्या झाडांखाली त्याचा तंबू, वाळूत रोवलेल्या चार गळकाठ्या, दोरीवर वाळत घातलेला लंगोटीएवढा पोहण्याचा पोशाख. आम्हाला बघून तो खो खो हसला.

"आली! नदीतसुद्धा आली! निबिया, तू मेल्यावर तुझं भूत तरी आम्हाला सोडील का?"

"तुझ्या तीन नावांचं तेवढं उरलंय, हेबेर."

"तुरिस्मोनंतर."

"आधी दिलेस तर बरं होईल."

"का? कारण सांग."

मी तिच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलली असती तर त्याने पैसे काढले असते, आणि परत आल्यावर तिचं टेबलही काढलं असतं. तिने भोपळा पुढे केला. त्याने तो घेतला, प्यायला, परत दिला.

"हे बघ," तो म्हणाला, "मी अध्यक्ष. मीच आधी दिले तर नियमाचा अर्थ काय? एकदा ठरलं ते ठरलं. जा घरी. आणि ही काळजी करायची सवय सोड, त्यानेच माणूस म्हातारा होतो."

परतताना मीच हेबेरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. गाव दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "त्याचे मी भरते."

"वेडी झालीस? त्याचे?"

"तुझं नाव त्याच्यावर अडलंय. नेल्सिदाचंही. मी काय करू मग?"

"माझ्याकडून घे."

"नको. चूक माझी आहे."

त्याच संध्याकाळी तिने सगळं बिल भरलं. आठ तारखेला काही झालं नाही. तेरापासून माझ्या आठही खोल्या भरल्या, कुंडांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बाजारपेठेत कुणालाही काही कळलं नाही.

मे महिन्यात संघाची बैठक झाली. बाहेर हिवाळ्याचा पहिला गारठा पडला होता. जिन्याखालच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने बसलो होतो, आणि निबिया नेहमीप्रमाणे टेबलाशी बसून बैठकीचा वृत्तांत लिहीत होती. हेबेर उठला.

"दुसरा मुद्दा. एकच बिल. मी म्हणालो होतो ना? कुणाला काही त्रास झाला? कुणाला कळलं तरी? आता एवढं सोपं झालंय तर जुलैपासून सेक्रेटरीची नोकरी अर्ध्या दिवसाची करावी असा ठराव आहे. निबिया, लिहून घे."

तिने लिहायला सुरुवात केली. खरंच लिहीत होती. माझा संताप झाला, मी उठणार तोच माझ्या लक्षात आलं की मी तोंड उघडलं तर तिची चूक बाहेर येणार. तिने ती मला सोडून कुणाला सांगितली नव्हती. आयुष्यात मला गप्प बसणं इतकं कधी जड गेलं नाही.

मग निबियाने पेन खाली ठेवलं.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय?" विचारलं. ती उभी राहिली. "आठ एप्रिल ही तारीख मी ठरवली. ती चुकली. तुरिस्मो पुढे गेला हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी आपल्या सगळ्यांची नावं बंद पडणार होती. एकदम सगळ्यांची."

"पण पडली नाहीत," एल्बियो म्हणाला.

"नाही. मी तुमच्याकडे येऊन बसले म्हणून."

नेल्सिदा म्हणाली, "आणि मला वाटलं माझ्या गुडघ्याची काळजी!"

"तीही होती," निबिया म्हणाली, आणि ते खरं होतं.

हेबेर पुढे झुकला. "थांब. मी तर दिलेच नव्हते."

तिने पुन्हा पेन उचललं. आता मला राहवलं नाही. "तुझे हिने भरले, हेबेर. स्वतःच्या पगारातून. तू नदीवर नियम सांगत होतास तेव्हा."

हेबेर वाईट माणूस नाही, फक्त मोठ्या आवाजाचा आहे. तो मानेपर्यंत लाल झाला आणि खाली बसला. नेल्सिदाने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "अर्धा दिवस नोकरी केली तर उरलेला अर्धा दिवस घाबरायचं कुणी? एल्बियो, तू घाबरशील? तुझ्याच्याने होईल?"

एल्बियो म्हणाला त्याच्याच्याने होणार नाही. ठरावासाठी हात वर करायला सांगितले. एकही हात वर झाला नाही, हेबेरचासुद्धा. तो खिशात पाकीट चाचपत होता.

"ते तारखेचं वगैरे लिहू नकोस," तो निबियाला हळूच म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

"लिहिते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुरिस्मो मार्चमध्येच सुरू होतोय. मी नसले तर कुणाला तरी कळायला हवं."

ती बसली आणि लिहू लागली. पण हात इतका कापत होता की दुसऱ्या ओळीवरच थांबली आणि माझ्याकडे वाकली.

"सुल्मा, पूर्ण दिवसाचीच राहिली ना गं नोकरी? मी नीट ऐकलं ना?"

"राहिली."

"नक्की? लिहू तसं?"

"लिही, बाई," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून ठेवला, निदान ते एक वाक्य लिहून होईपर्यंत.